पुराचे व्हिडिओ ग्रुपवर टाकावेत का?

वैनगंगाकाठ (पवनी): पाऊस लागला की तोच व्हिडिओ येतो. गोसेखुर्द धरणाची 33 दारं उघडली, पांढरं पाणी उसळते, मागून डीजे. कोणत्या सालचा, पत्ता नाही. दारं अर्धा मीटर उघडणं वेगळं अन् पाच मीटर वेगळं. खालच्या गावाले विसर्ग किती क्युमेक, म्हंजे सेकंदाले किती घनमीटर पाणी सुटते, ते पाहिजे, अन् नेमकं तेच त्यात नसते. मागच्या पावसाळ्यात अशाच जुन्या व्हिडिओपायी टोलीवरच्या बाया रात्री लेकरं घेऊन शाळेत जाऊन बसल्या. माझं म्हणणं, हे टाकणंच बंद करा.

धानकरी: असं कसं भाऊ? 2020च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या वैनगंगेवरच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं. ते आपल्यापर्यंत यायले कितीतरी तास लागतात, तरी भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. वरच्या गावानं पूल बुडाल्याचा व्हिडिओ तेव्हाच धाडला तर खालचा माणूस मोटर काढते, ढोरं सोडते. अन् पंचनाम्याचं काय? आमची बांधी, म्हंजे धानाचं शेत, पाण्याखाली होती. पटवारी आले तोवर पाणी ओसरलं, धान वरून उभंच दिसे, बुडखे सडलेले. 33 टक्के नुकसान भरलं नाही तर मदत नाही. धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, काढलेला व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठं यादीत नाव चढलं.

वैनगंगाकाठ: मग पटवाऱ्याले दाखवा ना, ग्रुपवर कायले?

धानकरी: ग्रुपवर बोंब झाली म्हणून तर पटवारी आले, बाप्पा!

उमरखेडचा मास्तर: 28 सप्टेंबर 2021ला आमच्याकडं दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली. काठावरून काढलेला व्हिडिओ देशभर फिरला. मी तो दर पावसाळ्यात वर्गात दाखवतो. 'पुलावर पाणी असताना जाऊ नका' हे पोरं नुसतं सांगून ऐकत नाहीत.

डोंगेवाला: माणसं गेली त्यात, मास्तर. त्याहीच्या घरच्यायले विचारलं का?

उमरखेडचा मास्तर: नाही विचारलं. एसटी पाण्यात घालते तिथवरच दाखवतो, पुढचं नाही.

डोंगेवाला: तेवढंही मले पटत नाही. अन् तेच पाहून पोरं रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, रील काढाले उभी राहतात, त्याचं काय? पुरात आधी लाईन जाते, मग टॉवर. बॅटरी रीलमध्ये संपली तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाले, 1077ले, फोन कोण लावन?

भामरागडची सून: पर्लकोटा नदी चढली की आमचा पूल बुडतो, नेटवर्कही जाते. आमचे व्हिडिओ पाणी उतरल्यावर सुटतात अन् तुम्ही ते 'आत्ताचे' म्हणून फिरवता. माहेरी आईचा जीव टांगणीला. गाव, तारीख, वेळ व्हिडिओ काढतानाच तोंडानं बोला ना.

वैनगंगाकाठ: बोलून काढणारा शंभरात एक. बाकीच्यायचं निस्तरायले मी रात्रभर जागू का? ॲडमिन मी आहो. पावसाळाभर व्हिडिओ बंद.

धानकरी: मग मी दुसरा ग्रुप काढतो. पुलाचे अन् धुऱ्याचे व्हिडिओ तिथं टाकू. ताई, तुमचा नंबर धाडा.