बीओव्हीचा स्क्रू फिरवायचा तो इंजिनसाठी की बेळगावच्या कॅम्पातल्या पोरांसाठी?

ॲलन_की (उद्यमबाग)
रविवारी बेळगावहून गोव्याला चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटीत चहाला थांबलं की कुणीतरी बॉनेट उघडून ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (बीओव्ही, रेस सोडल्यावर टर्बोची दाबलेली हवा सोडणारी झडप) स्क्रू पिळताना दिसतोच. अर्धा आटा टाईट, एक रेस, परत कान देऊन ऐकणं. आवाज मनासारखा आला की सेटिंग झालं! मला हे पटत नाही. बीओव्ही कानाने नाही, नीट तपासून सेट करायचा असतो. आणि कंपनीचा व्हॉल्व्ह धड चालत असेल तर त्याला हातच लावू नये.

रेस सोडली की थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) मिटतो, पण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लाखाच्या घरातल्या आरपीएमने फिरतच असतो. दाबलेल्या हवेला पुढे वाट नाही, मग ती उलटी पंख्यावर येते. हा सर्ज. त्याच क्षणी मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाला हवा वाटणारा भाग) व्हॅक्यूम होतो, तो बारक्या पाइपातून व्हॉल्व्हच्या डोक्यावर पोचतो, पिस्टन उचलतो आणि हवेला वाट मिळते. कंपनीच्या गाडीत ही हवा बहुतेक करून टर्बोच्या आधीच्या पाइपात परत जाते. मित्सुबिशीची इव्हो आणि सुबारूची डब्ल्यूआरएक्ससुद्धा कारखान्यातून अशाच हवा परत फिरवणाऱ्या व्हॉल्व्हने यायच्या.

स्क्रूने बदलतो तो फक्त स्प्रिंगचा ताण. "टाईट केलं की बूस्ट (टर्बोचा दाब) वाढतो" म्हणणाऱ्यांनी वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) कशाला असतो ते आधी बघावं. फुल बूस्टला व्हॉल्व्हच्या खालून जेवढा दाब, जवळपास तेवढाच वरून मॅनिफोल्डचा असतो. त्यामुळे तो मिटलेला ठेवायला स्प्रिंगला फार जोर लागत नाही. फार टाईट केली तर रेस सोडताना व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि सर्जची फडफड टुटुटुटु वाजते. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, तो भाग वेगळा.

फार ढिली केली तर आयडलवरच (रेस न देता इंजिन चालू असताना) उघडा राहतो. इंजिन चांगलं गरम करा, आयडलला ठेवा आणि बाहेर हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी वहीच्या कागदाची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली म्हणजे व्हॉल्व्ह उघडा आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागे कारखान्याच्या फाटकावर उभे असाल तर ती सगळी धूळ फिल्टरला चुकवून थेट इंजिनात. पट्टी हलायची थांबेपर्यंत टाईट करा, वर किंचित. मग तिसऱ्या गिअरला खेचून रेस सोडा. फडफड आली तरच पाव पाव आट्याने मागे या. स्क्रू जागेवर धरणारा चेकनट आवळायला विसरू नका.

शिट्टी_केए२२
आण्णा, एवढं व्याख्यान दिलंस पण मुद्दा सोडलास. माझ्या गाडीत एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) नाहीच, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) आहे. मोजलेली हवा बाहेर सोडली म्हणून मिश्रण रिच होणार (पेट्रोल जास्त पडणार), काळा धूर येणार, गाडी सिग्नलला बंद पडणार, हे सगळं एमएएफवाल्यांचं दुखणं. मला काय त्याचं? रेमॅप करून (गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) बूस्ट वाढवला की कंपनीच्या प्लास्टिकच्या व्हॉल्व्हचा रबरी डायफ्राम फाटतो आणि बूस्ट गळायला लागतो. तेव्हा ॲल्युमिनियमचा पिस्टनवाला बसवणं ही गरज आहे, फॅशन नाही. राहिला आवाज. आवडतो मला! पैसे माझे, इंजिन माझं, तुझं काय जातंय मर्दा?

खानापूर_डिझेल
मध्येच विचारतो, माझी स्विफ्ट डिझेल आहे. तिला ही शिट्टी बसते काय ओ? एक गॅरेजवाला किट आहे म्हणतोय.

ॲलन_की (उद्यमबाग)
@खानापूर_डिझेल दादा, डिझेलमध्ये रेस सोडली म्हणून हवेची वाट मिटत नाही, फक्त डिझेल कमी होतं. काही नवीन गाड्यांत फ्लॅप असतो, पण तो ईजीआरसाठी (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात फिरवायला) आणि इंजिन बंद करताना. सर्ज नाही तर व्हॉल्व्ह कशाला? ते किट पेडलवरच्या स्विचने हवा सोडतं, म्हणजे पैसे देऊन नुसता आवाज विकत घ्यायचा. त्या पैशात टायर बघा.
@शिट्टी_केए२२ मॅपवाल्या गाडीचं मान्य. डायफ्रामचंही मान्य. पण मग पिस्टनवाला व्हॉल्व्ह हवा परत फिरवणारा घेता आला असता की! तोंड बाहेर काढलंस ते कॅम्पातल्या पोरांसाठी.

जुना_फिटर_शहापूर
ॲलन की, सर्जचा बाऊ तूही जास्तच करतोयस. १९८०च्या दशकातल्या कित्येक टर्बो गाड्यांना हा व्हॉल्व्ह नव्हताच, आणि त्या धावल्या. कमी बूस्टला रेस सोडताना जरा फडफडलं म्हणून टर्बो मरत नाही. टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर ताण येतो तो बूस्ट जास्त आणि रोजचं असेल तेव्हा. टर्बो मरतात ते गरम इंजिन तसंच बंद केल्याने आणि तेल वेळेवर न बदलल्याने. ते आधी सांग पोरांना.

दुसरं, आजच्या बऱ्याच गाड्यांत हा व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) तो उघडतो. त्याला स्क्रूच नाही. तरी पोरं येतात, "काका, जरा सेटिंग करा" म्हणून. काय सेटिंग करू?

पाइपाचंही कुणी बोललं नाही. व्हॅक्यूम पाइप थ्रॉटलच्या पुढून, मॅनिफोल्डवरून, आखूड आणि एकट्यासाठी घ्यायचा. टी टाकून त्यावरच गेज आणि आणखी दोन गोष्टी जोडल्या की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि दोष स्प्रिंगला मिळतो.

निपाणी_कागल_अपडाऊन
रोज कोगनोळीवरून (कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरून) जातो म्हणून सांगतो, "केए पासिंगला इकडे चालतं, तिकडे चालत नाही" असलं काही नाही. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. "पैसे माझे, इंजिन माझं" हे तिथे बोलून बघ.

शिट्टी_केए२२
मग डॉल्बीच्या भिंती लावणाऱ्यांना आधी पकडा की. माझं शूऽऽ एका सेकंदाचं! आणि काका, तुम्ही बरोबर बोललात, सर्जने कुणी मरत नाही. मग मी थोडा टाईट ठेवला तर ॲलन कीच्या पोटात का दुखतंय? गोव्याला जाऊन आलो, तिथे आयडल जरा वरखाली होत होता, बेळगावात परत ठीक. म्हणजे सेटिंग बरोबरच आहे.

जुना_फिटर_शहापूर
मी टाईट ठेव म्हटलेलं नाही, बाळा. आणि आयडल वरखाली होतोय म्हणजे तुझा टाईट नाही, ढिलाच आहे. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर वर. इथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी, त्यामुळे आयडलला गेजवर व्हॅक्यूम पणजीपेक्षा दोन-अडीच इंच कमी दिसतो. इथे जेमतेम मिटेल असा ठेवलेला व्हॉल्व्ह खाली उतरल्यावर जास्त ओढला जातो आणि आयडलवर उघडतो. मॅपवाल्या गाडीतसुद्धा ही जादा हवा थ्रॉटलआधीच आत येते, म्हणून ईसीयू बराचसा सांभाळून घेतो, पण फिल्टरशिवायची हवा ती फिल्टरशिवायचीच. पुढच्या खेपेला खाली गोव्यातल्या साखळी गावात थांबून कागद धरून बघ. ओढला तर तिथेच पाव आटा आवळ आणि तसाच वर ये.

शिट्टी_केए२२
आणि वर आल्यावर फडफडला तर?

जुना_फिटर_शहापूर
मग स्प्रिंगच चुकीची आहे. व्हॉल्व्ह घेऊन ये, बदलून बघू. हवा परत फिरवायचा पाइप पण आण, असेल तर.