आजोबांच्या डब्यातली नाणी, आता पुढे काय करू?

नवखा_डिचोली
नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी घराला रंग काढताना माळ्यावर आजोबांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा मिळाला, आत सत्तर-ऐंशी नाणी. आजोबा मुरगाव बंदरात कामाला होते, बोटीवरचे खलाशी सुटे पैसे देऊन जायचे म्हणून आज्जी सांगायची. एका मोठ्या चांदीच्या नाण्यावर कुणा राजाचं डोकं नि १८८२ आहे, मागे 'उमा रुपिया'. काही मधोमध भोक असलेली, ईस्ट आफ्रिका लिहिलंय, भोकाच्या दोन्ही बाजूंना हत्तीचे सुळे. पोर्तुगालची जहाजवाली पाच-सहा आहेत, आणि अर्ध्यांवर काय लिपी आहे तेच कळत नाही. तांब्याची तर पार काळी पडलीत, आई म्हणते चिंच लाव, देवाची भांडी कशी निघतात तशी निघतील.

आता मला नाद लागलाय. महिन्याला दीड-दोन हजार बाजूला काढू शकतो. रोमन-ग्रीक घ्यायची इच्छा आहे, ऑनलाइन एक सिकंदराचं चांदीचं अडीच हजाराला दिसतंय, घेऊ का? आणि आमच्या वाड्यावरचा एकजण अख्खा डबा पाच हजाराला मागतोय, तेही सांगा.

म्हापसेकर_काका
बाबा, आधी ती चिंच खाली ठेव. तांब्यावरची ती काळी-तपकिरी साय म्हणजे मळ नव्हे, पन्नास-शंभर वर्षांत धातूवर चढलेला थर आहे आणि गोळा करणारे लोक त्याचेच पैसे देतात. चिंच, आमसूल, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही लावलंस की वरचा थर जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मग ते नाणं जन्मभर घासलेलं म्हणूनच ओळखलं जातं. अगदीच माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेव, मऊ कपड्यावर टिपून वाळव, घासू मात्र नको.

दुसरं, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घे, पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा, पाचेकशेत मिळतो. तुझी ती उमा रुपिया म्हणजे राजा लुईसच्या वेळची, १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला त्यानंतर ही नाणी इंग्रजांच्या टांकसाळीत पडली, म्हणून वजन इंग्रजी रुपयाएवढंच, ११.६६ ग्रॅम. झिजून थोडं कमी भरेल. साडेनऊ-दहा भरलं तर मात्र काहीतरी घोळ आहे. चुंबकही लावून बघ, चांदीला चिकटत नाही. सोळा तांगांची एक रुपिया, साठ रेईशांचा एक तांगा, हा हिशोब पाठ कर म्हणजे डब्यातली तांब्याची चिल्लर आपोआप वाचता येईल.

आणि आपल्या हवेचं काय ते तुला माहीतच आहे, जूनमध्ये चपलांवर बुरशी चढते तिथे नाण्यांचं काय. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नको, त्यातनं हिरवा चिकट पदार्थ सुटतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, आत मायलर म्हणजे पातळ, पारदर्शक, न चिकटणारी फिल्म असते, ते घे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

फोंडेकरीण
काका बरोबर बोलतायत. सिकंदराचं मी सांगते कारण मी स्वतः त्यात बुडालेय. सात-आठ वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका बाजारात एका माणसाने मखमलीच्या पुडीतनं काढून दाखवलं, सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लिस, मागे सिंहासनावर झ्यूस, म्हणाला शेतात सापडलंय. साडेतीन हजार मोजले, घरी येऊन दोन दिवस हातात घेऊन बसले होते. मग वजन केलं तर १३ ग्रॅम आणि वर थोडं. त्या मापाचं खरं नाणं साधारण १७ ग्रॅमचं असतं!! भिंगाखाली कडेवर सगळीकडून एक बारीक रेघ, म्हणजे दोन अर्ध्यांच्या साच्यात ओतलेलं, आणि चेहऱ्यावर पुरळासारखे बारीक खड्डे, ओतताना हवेचे बुडबुडे राहतात त्याचे. सिकंदराची खरी नाणी ओतलेली नव्हेत, दोन ठशांमध्ये धातूचा गोळा धरून हातोडा मारलेली असायची, म्हणून कडा थोड्या फाटलेल्या आणि चित्र बहुतेकदा मधोमध नाही. नाणं जास्तच गोल नि सुबक दिसलं तर संशय घे. ते १३ ग्रॅमवालं मी आजपण ठेवलंय, नव्या पोरांना दाखवायला.

रामसीता-हनुमानवाली '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' नाणी कुणी दिली तर फुकटपण नको, कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून कुणी विकायला आला तर दार लावून घे 😄

पेडण्याचा_वकील
थोडं कायद्याचं, कारण कुणी सांगत नाही. शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावस्तू, ते देशाबाहेर खाजगीत पाठवता येत नाही, बाहेरचं गिऱ्हाईक कितीही पैसे देऊ दे. म्हणून '१८८२' लुईसला भेट म्हणून लिस्बनच्या मावशीला कुरिअर करू नकोस. आणि शेतात, विहिरीत काही सापडलं, किंमत दहा रुपयांवर असली तरी १८७८ चा जुना कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. माळ्यावरच्या डब्याला तो लागत नाही, घाबरू नको. बाकी ते 'जुनं पाच रुपयाचं नाणं द्या दहा लाख घ्या' जाहिराती येतात ना, २०२१ मध्ये रिझर्व बँकेनेच सावध केलेलं की आमचं नाव वापरून लोक फी उकळतायत.

फोंडेकरीण
आता काय घ्यायचं ते. काका म्हणतील गोव्याचंच घे, पण मला विचारशील तर जुन्यांत पश्चिम क्षत्रपांपासून, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या जुन्या शक राजांपासून, सुरुवात कर. दोन ग्रॅमचं छोटं चांदीचं नाणं, एका बाजूला राजाचं डोकं आणि डोक्यामागे ब्राह्मी आकड्यात शक वर्ष, मागे तीन कमानींचा डोंगर आणि कडेनं बापाचं नाव, स्वतःचं नाव. शकात ७८ मिळवलं की इसवी सन, झालं! रोमन नाण्यावर सम्राट कोण ते शोधण्यात डोकं दुखतं, इथे नाण्यावरच बाप-लेक लिहिलेत. ओळखीच्या, पावती देणाऱ्या व्यापाऱ्याकडनंच घे, आणि जमलं तर नाशिकजवळ आंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून ये, दोन तासांत जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही.

म्हापसेकर_काका
गोव्याचंच म्हणणार, कारण तुझ्याकडे अर्धं आहेच ना बाळा! १९५८-५९ मध्ये इथे रुपिया जाऊन एस्कुदो आला, एक रुपियाला सहा एस्कुदो. सहाच नाणी: १०, ३०, ६० सेंताव्ह आणि १, ३, ६ एस्कुदो. दोन-तीन महिन्यांच्या बजेटात सगळी होतात आणि मुक्तीच्या वेळी लोकांच्या खिशात हीच होती, आमच्या बाबांनी ती वाण्याला दिली होती, मी बघितलंय. तुझ्या डब्यात यातली किती आहेत ते आधी बघ. आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराला जाशील तेव्हा आठव, कदंबांच्या सोन्याच्या नाण्यावर त्याच देवाचं नाव आहे, सिंह पण. ते विकत घ्यायच्या भानगडीत पडू नको, तुझे दोन हजार तिथे चहालाही पुरायचे नाहीत. पोर्तुगालच्या जहाजवाल्यांचं साल बघ, अडीच एस्कुदोचं १९५१ पर्यंतचं चांदीचं, १९६३ पासूनचं नुसतं कुप्रोनिकल, म्हणजे तांबं-निकेलचं मिश्रण, आकार तोच.

नवखा_डिचोली
सगळ्यांना थँक्स, काटा आला काल. रुपिया ११.५८! एस्कुदोतली चार डब्यातच होती, १० आणि ६० सेंताव्ह तेवढी हवीत. जहाजवाल्यांत एक १९४२ चं निघालं. पण सांगायला लाज वाटते, इथे विचारायच्या आधीच एक पाव तांगा मी चिंचेनं घासला होता, आता नव्या तपेलीसारखा लखलखतोय, आई खूश, मी नाही. त्याचं काय करू?

म्हापसेकर_काका
काही करू नको. होल्डरमध्येही घालू नको, कागदावर कपाटात उघडा ठेव, दोन पावसाळ्यांत काळवंडेल. पूर्वीसारखा होणार नाही पण डोळ्यात खुपणार नाही.

नवखा_डिचोली
ओके काका. आणि तो वाड्यावरचा परवा परत आला होता, आता आठ हजार म्हणतो. मी म्हटलं अजून तीस-चाळीस नाण्यांचं वजन व्हायचंय, मग सांगतो.

फोंडेकरीण
तीस-चाळीस नाण्यांना आठवडाभर लाव 😄