मदत हवी आहे: हॉकीत श्रेय कर्णधाराचं की कोचचं?

मंडळी, आमच्या हॉकीवेड्या टोळक्यात वाद पेटलाय, जरा मदत करा. 2023 च्या ओडिशातल्या विश्वचषकात हरमनप्रीत सिंग भारताचा कर्णधार होता, पेनल्टी कॉर्नर (समोरच्यांच्या चुकीमुळे मिळणारी गोलची हुकमी संधी) वाया जात होते, न्यूझीलंडने शूटआउटमध्ये घरी बसवलं आणि राजीनामा दिला कोच ग्रॅहम रीड यांनी. (तेच रीड, ज्यांच्या हाताखाली टोकियोत 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं!) पुढे पॅरिसला तोच हरमनप्रीत 10 गोल ठोकून कांस्य घेऊन आला, कोच क्रेग फुल्टन. मग बदललं काय? मित्र म्हणतो, फुल्टनचा भक्कम बचाव. मला हे अर्धंच पटतं. पॅरिसलाच बचावपटू अमित रोहिदासला रेड कार्ड मिळाल्यावर ब्रिटनविरुद्ध दहाजण झुंजले खरे, पण गोलमध्ये श्रीजेश नसता तर कसला बचाव!

हॉकीत खेळाडूंची अदलाबदल बाकावरूनच ठरते. मग मैदानात कर्णधाराच्या हातात उरतं काय? प्रत्यक्ष खेळलेल्यांनी, खास करून पुण्यातल्या खडकीकडच्या मंडळींनी सांगावं: जुने सामने पुन्हा बघताना नेमकं कुठे लक्ष ठेवू? आणि पेनल्टी कॉर्नर किती मिळाले, किती सत्कारणी लागले, ही सामनावार आकडेवारी कुठे मिळेल?