पद्मिनीचे पार्किंग लाइट लावले की कधीकधी फ्यूज उडतो, शॉर्ट शोधायचा कसा?

पद्मिनी_सातारा
नमस्कार मंडळी. बाबांनी घेतलेली १९८४ ची प्रीमियर पद्मिनी अजून घरात आहे आणि चालूही आहे, इंजिन-गिअरची काही तक्रार नाही, पण लाइटने जीव नकोसा केलाय. पार्किंग लाइट लावले की मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, मीटरचे दिवे सगळे एकदम जातात, बघायला गेलं की फ्यूज उडालेला. आणि दरवेळी उडतो असंही नाही! अंगणात लावून ठेवले तर तासभर मस्त जळतात. परवा पुण्याहून येताना खंबाटकीच्या अलीकडे अंधारात मागचे लाइट गेले, मागून ट्रक येत होते, आई-बाबा मागच्या सीटवर. तेव्हापासून रात्री गाडी काढलेलीच नाही.

एका गॅरेजमध्ये ८ अँपिअरचा पांढरा फ्यूज काढून १६ चा लाल टाकून दिला होता, म्हणाले आता उडणार नाही. नाही उडला, पण डॅशबोर्डखालून जळका वास यायला लागला म्हणून मी परत पांढराच बसवला. आता दुसरा एकजण म्हणतो सगळं वायरिंग नवीन टाका. मला शक्य तेवढं मूळचं ठेवायचंय. मल्टिमीटर आहे माझ्याकडे, फ्यूज काढून दिव्यांकडे जाणाऱ्या वायरीची बॉडीशी कंटिन्युटी (म्हणजे दोन्ही आतून जोडलेले आहेत का) बघितली तर बीप वाजतो. म्हणजे शॉर्ट आहे ना? मग अंगणात लाइट लागतात कसे?

वायरिंगवाले_काका
पांढरा परत टाकलास ते फार बरं केलंस. हिशोब बघ, चार कोपऱ्यांचे ५ वॅटचे चार बल्ब, नंबर प्लेटचा एक, मीटरचे बारीक, सगळे मिळून ३० वॅटच्या आसपास. १२ व्होल्टवर अडीच अँपिअर होतात. ८ चा फ्यूज तिप्पट मोठा आहे, तो उगाच उडत नाही, उडतो तेव्हा वायर खरोखर बॉडीला लागलेली असते. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजच्या जागी वायर तापते आणि जुन्या गाडीत तिच्याभोवती रेक्झिन, पुठ्ठा, फोम, पुढे पेट्रोलची लाइन. आग अशाच लागतात रे.

आता शोधायचं कसं. फ्यूज उडवत बसू नको. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब घे, त्याला दोन वायरी आणि क्लिपा लाव आणि फ्यूज काढून त्या दोन टोकांमध्ये तो बल्ब जोड. मग कितीही शॉर्ट झालं तरी साडेचार अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, निवांत काम करता येतं. पार्किंगचे सगळे बल्ब होल्डरमधून काढ, मीटरचे पण, आणि स्विच ऑन कर. बल्ब विझलेला म्हणजे आत्ता कुठे लागलेलं नाहीये. भक्क पेटला म्हणजे लागलंय. मग पुढची जोडणी सोड, मागची सोड, ज्या बाजूची सोडल्यावर बल्ब विझला ती बाजू धरायची आणि तिचे परत दोन भाग करायचे. तुझा शॉर्ट येतोजातो म्हणून एकाने बल्बकडे बघत राहायचं आणि दुसऱ्याने वायरिंग हलवत जायचं, डिकीचं झाकण उघडझाप, होल्डर हलवून, सीट दाबून. होल्डरमधला फायबरचा वायसर कुजला असला तरी आतलं टोक बॉडीला टेकतं, ते आधी बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

अँबी_नागपूर
काकांनी बल्ब काढायला सांगितलंय त्यातच तुमच्या बीपचं उत्तर आहे. ५ वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स साधारण २९ ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तुमचे पाच-सहा बल्ब पॅरलल आहेत म्हणजे मीटरला एक ओहमपेक्षाही कमी दिसणार, तो बीप देणारच. तो फिलामेंटचा बीप आहे, शॉर्टचा नाही. एक जरी बल्ब आत राहिला तरी मीटर फसवतं. आणि कंटिन्युटी, ओहम बघताना बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं असू द्या.

माझी गाडी अँबेसेडर, तिला ब्रिटिश लुकासची रंगपद्धत, लाल साइड आणि टेल लाइटचा, निळा हेडलाइटचा, काळा अर्थचा (बॉडीकडून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारा), तपकिरी थेट बॅटरीकडून येणारा. तुमची गाडी फियाटच्या घराण्यातली, तिकडे हे रंग लावू नका. आणि चाळीस वर्षांत कुणी मध्येच मिळेल ती वायर जोडलेली असतेच, म्हणून रंग बघून विश्वास ठेवू नका, वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा.

मडगावची_फियाट
एक विचारू का, फ्यूज उडाला तेव्हा दरवेळी गाडीत कोण कोण होतं? तुम्ही लिहिलंय की अंगणात उडत नाही, आणि खंबाटकीला आई-बाबा मागे होते. माझ्या फियाट ११०० मध्ये असंच काहीसं होतं, तिथे पायरीच्या पट्टीचा स्क्रू वायरिंगमध्ये घुसलेला आणि दार आपटलं की लागायचं. काय केल्यावर उडतो हे आठवून बघा, निम्मी शोधाशोध तिथेच वाचते.

अजून एक, कुणी अर्थ साफ करा म्हणेल. अर्थ खराब असेल तर दिवे मंद होतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो असले प्रकार होतात. त्याने फ्यूज उडत नाही. अर्थ घासून घ्याच, पण हा आजार तो नव्हे.

पद्मिनी_सातारा
ताई, तुमचा प्रश्न वाचून घरात विचारलं आणि खरंच, एकटा असताना एकदाही उडालेला नाही!! आज सकाळी काकांनी सांगितल्याप्रमाणे ५५ वॅटचा बल्ब जोडला, बाकीचे सगळे काढले, बल्ब विझलेला. होल्डर हलवले, डिकी आपटली, काही नाही. मग बायकोला मागच्या सीटवर बसवलं आणि बल्ब भक्क. उठली की विझला. सीट उचलली तर मागे जाणारी वायरिंग कधीतरी स्पीकर बसवताना मूळ क्लिपांमधून काढून सीटच्या फ्रेमखालून नेलेली, आणि फ्रेमच्या कडेने एका वायरीचं प्लास्टिक कापून आतलं तांबं चकाकतंय. बल्ब नसता तर डझनभर फ्यूज घालवूनही हे दिसलं नसतं. मनापासून आभार सगळ्यांचे. आता नुसती टेप मारू का?

वायरिंगवाले_काका
टेप नको, उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो. बॅटरी काढ, खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर करून जोड, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि वायरिंग परत कडेच्या मूळ क्लिपांमध्ये ने, जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे नवीन रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) टाक. पण तेवढ्यावर थांबू नको. लाल फ्यूज असताना डॅशखालून वास आला होता ना? तेव्हा फ्यूजपासून सीटपर्यंतची तीच वायर तापलेली आहे. फ्यूज बॉक्सच्या मागून हात लावून बघत जा, जिथे प्लास्टिक कडक झालंय किंवा शेजारच्या वायरीला चिकटलंय तेवढा भाग बदल, आणि लाइटच्या स्विचची टोकं काळी पडलीत का तेही बघ. सगळं झालं की बल्ब जोडूनच आई-बाबांना मागे बसव, गल्लीतल्या खड्ड्यातून एक चक्कर मार, आणि मगच पांढरा फ्यूज बसव.