मदत हवी आहे : चित्रपुस्तकांवरचे अ‍ॅनिमेशनपट चार वर्षांच्या मुलीसाठी कसे निवडावेत?

आमची मुलगी रोज रात्री ‘द ग्रफेलो’ हे पुस्तक मागते आणि मी ते मराठीत सांगत असताना उंदरावर बोट ठेवून तो आता कोल्ह्याला काय म्हणणार, हे माझ्याआधीच सांगून टाकते. याच पुस्तकावरचा २००९ सालचा सुमारे २७ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट आम्ही तिला दाखवला, तेव्हा पानावर तिला गमतीदार वाटणारा साप पडद्यावर हलू लागताच ती माझ्या कुशीत शिरली.

त्यानंतर ‘द स्नोमॅन’ पाहिला. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ सालच्या मूळ पुस्तकात कथा केवळ चित्रांतूनच उलगडते आणि १९८२ सालच्या पटातही पात्रे बोलत नाहीत, त्यामुळे इंग्रजीची अडचण आली नाही. उत्तर ध्रुवाची सफर आणि सांताक्लॉजची भेट मात्र पटकर्त्यांनी वाढवलेली आहे. शेवटी बर्फाचा माणूस वितळल्यावर ती, “तो परत कधी येणार?” असे दिवसभर विचारत राहिली. असा शेवट या वयात दाखवावा की नाही, हे मला खरोखर ठरवता येत नाही.

संथ गतीच्या, मूळ चित्रांची शैली जपणाऱ्या आणि शक्यतो दहा-पंधरा मिनिटांत संपणाऱ्या मालिका आपण सुचवाव्यात, ही विनंती. आधी पुस्तक वाचावे की आधी पडदा दाखवावा, याबाबत आपल्या घरचा अनुभव काय आहे? मराठीत ध्वनिमुद्रित झालेले काही असल्यास तेही अवश्य कळवावे.