मदत हवी आहे: बिअर किटवरून ५ लिटर ऑल-ग्रेनकडे, गॅसवर आणि एकाच पातेल्यात

खळखळ

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. २३ लिटरचे किट व्यवस्थित जमतात, त्यामुळे निर्जंतुकीकरण, यीस्ट, बाटल्या भरणं याबद्दल प्रश्न नाही. आता थेट माल्टपासून (मोड आणून वाळवलेली बार्ली) करायची आहे, पण छोटा घाणाच. हाताशी आहे ते असं: १२ लिटरचं स्टीलचं पातेलं, गॅस, डिजिटल थर्मामीटर, हायड्रोमीटर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ५ लिटरची काचेची डेमीजॉन (अरुंद तोंडाची मोठी बाटली). बिटर (कडवट इंग्लिश बिअर) करायची आहे, सुरुवातीची घनता १.०४५ च्या आसपास.

वेगळं मॅश टन (मॅश करायचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवायचं भांडं) घ्यावं का? धान्य आणि पाणी किती? चक्का टांगायचं सुती फडकं पिशवी म्हणून चालेल का? आणि इथलं पाणी फार जड आहे, किटला कधी फरक पडला नाही, इथे पडेल का?

भरडमाल्ट

मॅश टन अजिबात नको. पिशवीत मॅश करा, त्याच पातेल्यात उकळा. सुती फडक्याची वीण घट्ट असते, पीठ बसून ते तुंबतं. पॉलिएस्टर व्हॉइलची, पातेल्याच्या तोंडावर दुमडता येईल एवढी पिशवी घ्या.

डेमीजॉनमध्ये ४.५ लिटरच भरा, वरची जागा फेसाला लागते. त्यासाठी भरडलेला मॅरिस ऑटर (फिकट माल्ट) ९५० ग्रॅम, मध्यम क्रिस्टल माल्ट ८० ग्रॅम. पाणी ७.७ लिटर, सगळं एकदमच: ४.५ डेमीजॉनमध्ये, अर्धा लिटर तळाच्या गाळात, ०.७ धान्यात मुरतं आणि साधारण २ लिटर तासाभराच्या उकळीत वाफ होऊन जातं. हा शेवटचा आकडा तुमच्या पातेल्याचा आणि आचेचा आहे. आधी नुसतं पाणी तासभर उकळून मोजा, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पाणी ७० अंशांवर आणा, गॅस बंद करा, पिशवी आत लावून मग धान्य सोडा आणि एकही गुठळी राहणार नाही असं ढवळा. तापमान ६७ च्या जवळ स्थिरावेल. ६४ ला बिअर हलकी आणि कोरडी होते, ६९ ला अंगाने भरलेली. छोट्या पातेल्याची उष्णता भराभर जाते, हीच छोट्या घाण्याची खरी अडचण. ओव्हन ६५-७० ला तापवून बंद करा आणि झाकलेलं पातेलं तासभर आत ठेवा. पातेलं ओव्हनमध्ये मावत नसेल तर जाड टॉवेलांत गुंडाळा. पुन्हा गॅस लावायची वेळ आलीच तर तळाशी कुकरची जाळी ठेवा, नाहीतर पिशवी जळते.

मग पिशवी उचलून काढा आणि उकळी एक तास, झाकण न ठेवता. झाकलं तर उकडलेल्या मक्यासारखा वास बिअरमध्ये राहतो. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) १० ग्रॅम सुरुवातीला, १० ग्रॅम शेवटची दहा मिनिटं. हॉप्सचा अल्फा (कडू आम्लाचं प्रमाण) साडेपाच टक्क्यांच्या आसपास असेल तर कडवटपणा तीस-पस्तीस आयबीयू येतो. पाकिटावरचा अल्फा वाचूनच वजन ठरवा. पहिली उकळी फुटताना समोरून हलू नका, वर्ट (माल्टचं गोड पाणी) दुधासारखं उतू जातं.

चुनखडी

पाण्याचा फरक पडतो, आणि बराच पडतो. किटमध्ये मॅश कारखान्यात झालेला असतो, म्हणून तुमच्या नळाच्या पाण्याला तिथे काही करायला वाव नव्हता. थेम्स खोऱ्यातलं पाणी चुनखडीतून येतं, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे फिकट माल्टच्या मॅशचा पीएच वर राहतो. हवा ५.२ ते ५.६. त्याहून वर गेला की साखर कमी उतरते आणि सालींतला तुरटपणा उतरतो.

सोपा उपाय म्हणजे निम्मं नळाचं पाणी आणि निम्मं कमी बायकार्बोनेटचं बाटलीतलं (लेबलवर आकडा असतो). त्यात २ ग्रॅम जिप्सम, बिटरला ते शोभतंही. क्लोरीन घालवायला कॅम्पडेनची पाव गोळी चुरून आधीच ढवळा. क्लोरीन तसंच राहिलं तर बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो, आणि तो नंतर काढता येत नाही.

गाळीव

एक भर. पिशवी उचलल्यावर चाळणीत ठेवून पिळू नका, आपोआप निथळू द्या. पिळलं की तुरट होते.

चुनखडी

@गाळीव, हे फार सांगितलं जातं, पण तुरटपणाचं कारण जास्त पीएच आणि ७७ अंशांवरचं पाणी. पीएच ठीक असेल तर खुशाल पिळा. एवढ्याशा घाण्यात अर्धा लिटर वर्ट सोडून देणं परवडत नाही.

खळखळ

खूप आभार. घनता कमी आली तर पहिल्यांदा काय बघू? आणि ११.५ ग्रॅमचं यीस्टचं पाकीट पूर्ण टाकायचं का?

भरडमाल्ट

आधी नमुना २० अंशांपर्यंत गार करा. ६० अंशांवरच्या वर्टमध्ये हायड्रोमीटर पंधरा-सोळा बिंदू (०.०१५-०.०१६) कमी दाखवतो, आणि लोक उगाच घाबरतात. तरीही कमी असेल तर भरड बघा: अख्खे दाणे दिसले तर दुकानाला बारीक भरडायला सांगा. पिशवीत मॅश तुंबायची भीती नसते, त्यामुळे बारीक चालतं. त्यानंतर गुठळ्या, मग पीएच. नेम चुकला म्हणून साखर टाकू नका, बिअर पातळ होते.

गार करायला पातेलं बर्फाच्या पाण्यात सिंकमध्ये ठेवा, पाणी एकदा बदला. १९-२० अंशांवर आलं की वर्ट डेमीजॉनमध्ये ओता, जोरात हलवा, मग ४ ग्रॅम एस-०४ यीस्ट. जास्त नको. उरलेलं घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, सात दिवसांत वापरायचं.

बाटलीत साखर एकूण २२ ग्रॅम, विरघळवून. त्याआधी दोन दिवसांच्या अंतराने घनता सारखीच आली पाहिजे, साधारण १.०१२. नसेल तर थांबा, बाटल्या फुटतात.

चुनखडी

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: इंग्लंडमध्ये घरच्या वापरासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे. वरची कृती महाराष्ट्रात करू नका.