मदत हवी आहे : मागावरचा दोष कामगार वेळेत सांगत नाहीत, कसं बोलतं करू?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात विणाईची एक पाळी नुकतीच माझ्याकडे आली आहे. आधी चेकिंगला होतो, त्यामुळे दोष कुठून येतो ते कळतं. माणसं सांभाळणं मात्र नवीन आहे.

टेरीला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) लागतात, एक ग्राउंडचा, म्हणजे मूळ कापडाचा, आणि एक पाइलचा, म्हणजे वर दिसणाऱ्या लूपचा (फासांचा). पाइलच्या बीमचं टेन्शन बिघडलं की लूप खालीवर होतात. मागावरच्या माणसाच्या हाताला ते लगेच लागतं, तरी तो माग थांबवत नाही आणि कुणाला सांगतही नाही. माल धुऊन-रंगवून आला की चेकिंगच्या टेबलावर लांबच लांब पट्टा दिसतो. एखादा टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे कमी प्रतीच्या मालात, गेला असता तिथे अख्खा लॉट जातो.

कारण उघड आहे. मजुरी नगावर आहे. माग थांबला की मजुरी थांबते, दोष नावावर लागला की कपात होते, आणि गप्प बसलं तर तो पुढच्या पाळीच्या गळ्यात पडू शकतो. घर चालवणाऱ्या माणसाचा हा हिशेब मला चूक वाटत नाही. म्हणूनच नुसतं दटावणं पटत नाही.

दुसरं म्हणजे भाषा. पाळीतले बहुतेक जण घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मराठी सगळ्यांना येते, पण मनातलं ते जॉबर (माग दुरुस्त करणारे) अण्णांना तेलुगूत सांगतात. अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांना डावलायचं नाही. पाळी सुरू होताना मी थोडं बोलतो, सगळे माना हलवतात आणि मागावर जातात. पुढे काहीच होत नाही. कारखान्यात माणसं सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

माग_इचलकरंजी

कपातीपासून. ती आहे तशी चालू ठेवून कितीही गोड बोललात तरी कुणी तोंड उघडणार नाही. नुकसानीपोटी कापायचं तरी नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही आणि आधी कामगाराला म्हणणं मांडू द्यावं लागतं. दंडाला तर पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मालकांशी बोलून एवढंच पदरात पाडून घ्या : स्वतःहून सांगितलेल्या दोषाची कपात नाही.

प्रशिक्षण_पुणे

वरच्यांशी सहमत. तुमच्याच धंद्यातलं एक उदाहरण देते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जाऊ नये. त्याच घराण्यातून पुढे टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. तिथे जोडणीच्या लाइनवर कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो. मग टीमचा प्रमुख धावत त्याच्याकडे जातो, आणि तो जातो मदतीला. तुमच्याकडे माग थांबल्यावर पहिला माणूस कोणत्या चेहऱ्याने पोहोचतो, ते बघा.

आणि एक आधीच सांगून ठेवते. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका कमी निघतील असा अंदाज होता, निघाल्या जास्त. कारण तिथली माणसं बोलायला घाबरत नव्हती. तुमच्या पाळीतही सुरुवातीला दोषांच्या नोंदी वाढतील. मालकांना हे अगोदर सांगा, नाहीतर ते म्हणतील, नवा सुपरवायझर आला आणि दोष वाढले.

चेकिंगताई

मीही सोलापूरचीच, पूर्व भागातली. सेकंडचा टॉवेल ऑफिसात नेऊन ओरडू नका. तो मागापाशी घेऊन जा, अण्णांना बरोबर घ्या आणि तेलुगूत त्यांनाच विचारू द्या. “का केलंस” विचारलं की माणूस सारवासारव करतो. “पहिल्यांदा कधी जाणवलं” विचारलं की तो बीमची, टेन्शनची खरी गोष्ट सांगतो. आणि पाळी बदलताना दोघे मागवाले एकाच मागाशी उभे राहून कापडावर हात फिरवू देत. गळ्यात घालायची सोय तिथेच संपते.

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पाळी बदलतानाचं उद्यापासूनच करतो. सभेत बोलण्याआधी अण्णांशी एकट्याने बोलेन. दोष त्यांच्याकडेच सांगितला जावा, फक्त माग लगेच थांबावा आणि मला कळावं, एवढंच मागेन. कपातीचं मालकांकडे मांडतो, सेकंडच्या मालाचा माग क्रमांकानुसार हिशेब माझ्याकडे आहेच.

एक प्रश्न उरतो. दुरुस्तीला माग थांबला त्या वेळेची मजुरी कशी धरता? ती बुडाली तर कपात बंद होऊनही कुणी थांबवणार नाही.

माग_इचलकरंजी

आमच्याकडे मागवाल्याने हाक दिली तिथपासून माग परत चालू होईपर्यंतची वेळ जॉबर मागावरच्या पाटीवर लिहितो. त्या वेळेला त्या माणसाची नेहमीची सरासरी मजुरी धरतो. वेळ लिहिण्याचं काम अण्णांकडेच द्या, त्यांच्या शब्दावर कुणी वाद घालणार नाही.